गणिताच्या पायऱ्या आणि घरातली आई
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



 माझा विषय शाळेतले गणित असा आहे, हे कळल्यावर एका मैत्रिणीने मला विचारले, "अहो बाई, सणासारखा दिवस, आणि त्यात गणित कशाला काढता?" तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. परंतु सारे आयुष्य मुलांना गणित शिकवण्यात गेल्यामुळे मला दुसरे फारसे काही बोलता येत नाही. आणि आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत रोज संध्याकाळी जे रडणे-ओरडणे चालते, त्याचे मूळ बहुतेक वेळा या एकाच विषयात असते, हेही मी पाहिले आहे. तेव्हा थोडा वेळ धीर धरून ऐकावे, अशी विनंती.

आपले नागापूर आता नुसते सीनेकाठचे गाव राहिलेले नाही. औद्योगिक वसाहत आली, मनमाड रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वस्ती वाढली, आणि बहुतेक घरांचे घड्याळ कारखान्याच्या पाळीवर चालू लागले. वडील दुसऱ्या पाळीला गेलेले असले, म्हणजे मुलाच्या अभ्यासाची वेळ आणि आईच्या स्वयंपाकाची वेळ एकच. मूल वही घेऊन ओट्याशी येते. आई एक नजर टाकते आणि म्हणते, "मला नाही बाई येत हे. आमच्या वेळी असे नव्हते. बाबा आले की विचार." बाबा येतात तेव्हा मूल झोपलेले असते. दुसऱ्या दिवशी वर्गात ते कुणाची तरी वही पाहून उत्तर उतरवते. अशा शंभर संध्याकाळी झाल्या, म्हणजे मूल गणितात कच्चे झाले असे आपण म्हणतो.

मला आज एवढेच सांगायचे आहे की मुलाला गणितात मदत करण्यासाठी आईला ते गणित आले पाहिजे असे मुळीच नाही. आईला योग्य प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि मुलाकडून एकेक पायरी लिहवून घेता आली पाहिजे. आपल्यापैकी जिचे शिक्षण चौथीत थांबले, तिलाही हे जमेल. ते कसे, ते आता पाहू.

जॉर्ज पोल्या नावाचे एक मोठे गणितज्ञ होऊन गेले. जन्म हंगेरीतला, पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. त्यांनी १९४५ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. उदाहरण सोडवावे कसे, एवढाच त्याचा विषय. त्यांनी कोणतेही उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, उदाहरण समजून घ्या. दुसरी, वाट ठरवा. तिसरी, त्या वाटेने चाला. चौथी, उत्तर आल्यावर मागे वळून पाहा. मी या चार पायऱ्यांचे आपल्या घरासाठी चार प्रश्न करून घेतले आहेत. "काय सांगितले आहे आणि काय विचारले आहे?" हा पहिला. "कसे करशील?" हा दुसरा. "करून दाखव, एका ओळीत एकच गोष्ट," हा तिसरा. तो प्रश्न नाही, आज्ञा आहे. आणि "हे उत्तर तुला पटते का?" हा चौथा. हे चारही प्रश्न पोळी लाटता लाटता विचारता येतात.

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मुले गणितात चुकतात, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती वाचण्यात चुकलेली असतात. हे उदाहरण पाहा. सुमनकडे १५ चिंचोके आहेत. ते कमलच्या चिंचोक्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर कमलकडे किती? दहा मुलांना विचारून पाहा. त्यातली कित्येक "जास्त" हा शब्द दिसताच बेरीज करतील आणि २१ म्हणतील. त्यांची बेरीज बरोबर आहे, पण त्यांनी मराठी नीट वाचलेले नाही. जास्त कोणाकडे? सुमनकडे. मग कमी कोणाकडे? कमलकडे. म्हणजे कमलचे चिंचोके १५ हून कमी असले पाहिजेत. १५ वजा ६, ९. हे समजायला आईला गणित नको, आपली भाषा पुरे. म्हणून पुस्तक मिटायला सांगावे आणि म्हणावे, "आता तुझ्या शब्दांत सांग, काय गोष्ट आहे?" मुलाला गोष्ट सांगता आली, म्हणजे निम्मे उदाहरण सुटले असे समजावे.

भाषेवरून आणखी एक गोष्ट आठवते. आपण "पंचवीस" म्हणतो, तेव्हा पाच आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. लहान मूल ऐकल्याप्रमाणे ५२ लिहिते, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" अशा वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. स्वतः गणितज्ञ आणि 'गणितगप्पा' सारखी पुस्तके मुलांसाठी लिहिणाऱ्या. त्यांचे २०२३ साली निधन झाले. जुने शब्द सोडावेत की नाही, या वादात मी शिरत नाही. मला स्वतःला पंचवीस, एकोणतीस हे शब्द प्रिय आहेत. परंतु मूल अडते कोठे, हे त्यांनी बरोबर हेरले होते. घरी आपण दोन्ही म्हणावे. "पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच." "एकोणतीस, म्हणजे तिसाला एक उणा." चार दिवसांत मुलाच्या हातून अंक उलटे पडायचे थांबतात.

आता वजाबाकी. ५०३ मधून १७८ वजा करा, असे उदाहरण आले की मधल्या शून्याने मूल घाबरते. "शून्याकडे काहीच नाही, मग हातचा घ्यायचा कोणाकडून?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला नियम सांगू नका. डब्यातले पैसे काढा. शंभराच्या ५ नोटा आणि रुपयाची ३ नाणी, हे झाले ५०३. यातून १७८ रुपये द्यायचे आहेत. सुटे ८ रुपये हवेत, आहेत ३. दहाची नोट तर एकही नाही. मग आपण वाण्याकडे काय करतो? शंभराची एक नोट मोडतो. तिच्या दहाच्या १० नोटा येतात. त्यातली एक पुन्हा मोडली की १० सुटे रुपये येतात. आता आपल्याजवळ शंभराच्या ४, दहाच्या ९ आणि सुटे १३. यातून शंभराची १, दहाच्या ७ आणि सुटे ८ दिले. उरले शंभराच्या ३, दहाच्या २ आणि सुटे ५, म्हणजे ३२५. हातचा घेणे म्हणजे नोट मोडणे, एवढे मुलाला एकदा दिसले की ते पुन्हा विसरत नाही. आणि खात्री करायची असली, तर ३२५ मध्ये १७८ मिळवा. ५०३ परत आले पाहिजेत.

पाढ्यांचेही तसेच. सात आठे किती, हे आठवले नाही म्हणून मुलाला उभे करून ठेवण्यात अर्थ नाही. सात चोक अठ्ठावीस येते ना? मग त्याची दुप्पट कर. ५६. पाठांतर हवेच, मी त्याच्या विरुद्ध नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मुले पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घडाघडा म्हणत. रुपयाचे सोळा आणे आणि शेराची मापे असताना त्यांवाचून बाजार होत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि ते पाढे मागे पडले. पण पाठ केलेले अडले तर दुसऱ्या वाटेने तेथेच कसे पोहोचायचे, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, ते परीक्षेत घाबरत नाही.

थोड्या वरच्या इयत्तेकडे जाऊ. १२ वह्यांची किंमत ३०० रुपये, तर ७ वह्यांची किती? तीन ओळी पुरतात. १२ वह्यांचे ३०० रुपये. म्हणून १ वहीचे ३०० भागिले १२, म्हणजे २५ रुपये. म्हणून ७ वह्यांचे २५ गुणिले ७, म्हणजे १७५ रुपये. आता चौथा प्रश्न, उत्तर पटते का? बाराच्या निम्मे सहा. सहा वह्यांचे १५० झाले असते. सात वह्यांचे त्याहून थोडे जास्त हवेत. १७५ पटते. मुलाने चुकून १,७५० लिहिले असते, तर भागाकार-गुणाकार न तपासताही आईने सांगितले असते, "अरे, बारा वह्या तीनशेला आणि सात साडेसतराशेला? असा दुकानदार मला दाखव!"

या रीतीला आपल्याकडे त्रैराशिक म्हणतात, आणि ती फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणीतील लीलावती या भागात ती आहे. आपल्या महाराष्ट्राला तर त्यांचे विशेष अगत्य वाटावे. कारण चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. लीलावतीत साध्या त्रैराशिकाबरोबर व्यस्त त्रैराशिकही आहे, आणि मुले फसतात ती येथेच. ६ मजूर एक काम १० दिवसांत करतात, तर ४ मजूर किती दिवसांत करतील? वह्यांचीच रीत डोळे मिटून चालवली, तर उत्तर सहा दिवस आणि वर काही येते. म्हणजे माणसे कमी झाली आणि काम लवकर उरकले! लग्नघरी स्वयंपाकाला सहा बायकांऐवजी चारच आल्या, तर पंगत लवकर बसेल की उशिरा, हे मी तुम्हाला विचारायला नको. म्हणून आधी एवढेच विचारावे, "दिवस वाढतील की कमी होतील?" वाढतील, असे मूल म्हणाले की मग पायऱ्या घाला. ६ मजुरांना १० दिवस, म्हणून १ मजुराला ६० दिवस. म्हणून ४ मजुरांना ६० भागिले ४, म्हणजे १५ दिवस. दहापेक्षा जास्त आले, पटले.

"एका ओळीत एकच गोष्ट" हा माझा आग्रह का, तेही सांगते. मूल सगळे डोक्यात करून एकदम उत्तर लिहिते आणि ते चुकते, तेव्हा चूक कोठे झाली हे त्यालाही कळत नाही, आपल्यालाही नाही. मग आपण सगळेच खोडायला लावतो आणि त्याला वाटते, आपल्याला काहीच येत नाही. पायऱ्या लिहिलेल्या असल्या, म्हणजे बोट ठेवून सांगता येते, "येथपर्यंत सर्व बरोबर आहे. ही एक ओळ पुन्हा कर." पाच ओळींतल्या चार बरोबर आल्या, हे ऐकून मुलाचा चेहरा कसा फुलतो, हे मी वर्गात कितीदा तरी पाहिले आहे. बोर्डाच्या परीक्षेतही पायऱ्यांना गुण असतात, हे वेगळेच.

पायऱ्यांची सवय लागावी म्हणून मी एक खेळ सांगते. तो देवळालीच्या शाळेतले एक शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली शोधला, आणि आज साऱ्या जगातील गणितज्ञ त्यांचे नाव घेतात. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. समजा, ४२१३ घेतले. ४३२१ वजा १२३४, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर हेच केले तर पुन्हा ६१७४ च येतात! कोणत्याही संख्येने सुरुवात करा, सात पायऱ्यांच्या आत किंवा सातव्या पायरीला ६१७४ आलेच पाहिजेत. नाही आले, तर कोठेतरी वजाबाकी चुकली, हे मुलाला कोणी न सांगता कळते. ते स्वतःच मागे जाऊन चूक शोधते. एका शाळामास्तराने शोधलेला हा खेळ, कागद-पेन्सिलीपलीकडे त्याला खर्च नाही. आणि वजाबाकीचा सराव किती होतो ते पाहा.

आता मुलींविषयी थोडे बोलते. मुलगा गणितात मागे पडला, तर आपण त्याला शिकवणी लावतो. मुलगी मागे पडली, तर "तिला कोठे इंजिनियर व्हायचे आहे?" असे म्हणून मोकळे होतो. भगिनींनो, आपण कोठे राहतो ते आठवा. ज्या नगरला, आजच्या अहिल्यानगरला, मिस सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे शिक्षण घेण्यासाठी आल्या, त्या शहराच्या उंबरठ्यावर आपले गाव आहे. येथल्या मुलीने सातवीतच "मला गणित येत नाही" असे म्हणावे, आणि तिच्या आईने "मलाही येत नव्हते" असे म्हणून ते मान्य करावे, हे आपल्याला शोभत नाही. आईने उच्चारलेले ते एक वाक्य मुलीच्या मनात घर करून बसते. त्याऐवजी "मला येत नाही, पण तू मला समजावून सांग" असे म्हणा. दुसऱ्याला समजावताना मुलगी स्वतः शिकते.

शाळेचे गणित शाळेतच राहत नाही. मागे एका भगिनीने मला कर्जाचा एक कागद दाखवला. कोणाकडचा, ते सांगण्याचे कारण नाही. तिने १२,००० रुपये घेतले होते, व्याज शेकडा १२, फेड बारा महिन्यांत, हप्ता दरमहा १,१२० रुपये. बाराचा दर तिला रास्त वाटला होता. तिची मुलगी तेव्हा आठवीत होती. मी तिला म्हटले, "आईच्या कागदाचे उदाहरण कर. एका ओळीत एकच गोष्ट."

मुलीने लिहिले. १,१२० गुणिले १२, एकूण फेड १३,४४०. त्यातून मुद्दल १२,००० वजा, व्याज १,४४०. म्हणजे शेकडा १२ बरोबर आहे, असे ती म्हणाली. मी चौथा प्रश्न विचारला, "पटते का?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण बाई, आईकडे बारा हजार वर्षभर राहिलेच कुठे? दर महिन्याला ती हजार परत देते आहे." आणि तिने पुढच्या ओळी घातल्या. पहिल्या महिन्यात आईकडे १२,०००, त्यावर शेकडा १ प्रमाणे महिन्याचे व्याज १२०. दुसऱ्या महिन्यात ११,०००, व्याज ११०. असे करत शेवटच्या महिन्यात १,०००, व्याज १०. सर्वांची बेरीज ७८०. शिल्लक मुद्दलावर आकारले असते तर ७८० रुपये व्याज झाले असते, आणि आई भरत होती १,४४०. फरक ६६० रुपयांचा. शिल्लक रकमेवर धरले, तर तो बाराचा दर खरे पाहता सुमारे २२ चा होता.

कागदावर आईची सही झालेली होती, ती काही पुसता आली नाही. परंतु पुढच्या वेळी कर्ज घेण्यापूर्वी त्या भगिनीने विचारले, "व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर?" हा प्रश्न तिला तिच्या आठवीतल्या मुलीने शिकवला होता. आपल्यापैकी अनेकजणी बचत गटात आहेत. "शेकडा दोन" ऐकायला किती लहान वाटते! पण ते महिन्याचे असतील, तर १०,००० रुपयांवर महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० होतात. म्हणजे वर्षाचा दर २४. ज्या घरात हा हिशेब करणारी मुलगी आहे, त्या घराला सहसा कोणी फसवू शकणार नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाच्या जागेत मुलामुलींना वह्या घेऊन बसू द्यावे. शिकवणी नको, फी नको, फळाही नको. दोन भगिनींनी पाळीपाळीने तेथे बसावे आणि फक्त ते चार प्रश्न विचारावे. मोठ्या मुलांनी लहानांच्या पायऱ्या पाहाव्यात. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, अशी कामगारांची मुलेही आपल्या वस्तीत आहेत. त्यांनाही बोलवावे, कारण उदाहरण समजून घेण्यातच त्यांची खरी अडचण असते. एक वर्ष हे करून पाहावे, आणि पुढच्या वर्धापनदिनी मुलांनाच येथे उभे करून आपापले एकेक उदाहरण समजावून सांगायला लावावे. ते ऐकायला मी जरूर येईन.

 यात कोणाला काही उपयोगाचे वाटले, तर आज रात्रीच मुलाची वही उघडावी आणि पहिला प्रश्न विचारावा.